आकाशगंगेचा छायाचित्रकार : एडवर्ड एमर्सन बर्नार्ड

शाळा न शिकता मोठ्या झालेल्या माणसांची एक यादी आपल्याकडे बहुतेकांना तोंडपाठ असते. मुलगा परीक्षेत नापास झाला की त्याची समजूत घालण्यासाठी ती ऐकवली जाते. आणि एखाद्या गरिबाच्या मुलाची शाळा सोडवून त्याला कामाला लावायचे असले, की शेजारपाजारची शहाणी माणसे तीच यादी त्याच्या आईबापांना ऐकवतात. एडवर्ड एमर्सन बर्नार्ड या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाचे नाव या यादीत सहज शोभेल. उभ्या जन्मात त्याला शाळा लाभली ती अवघी दोन महिने. नवव्या वर्षी तो पोटासाठी कामाला लागला. तरीही पुढे त्याने गुरूचा पाचवा उपग्रह शोधला, पंधरा-सोळा धूमकेतू शोधले आणि आकाशगंगेची अशी छायाचित्रे घेतली, की तशी त्यापूर्वी कोणी घेतली नव्हती. इतके असूनही त्याचे नाव त्या यादीत घालू नये असे मला वाटते. त्याची हकीकत सांगता सांगता त्याचे कारणही सांगेन.

बर्नार्डचा जन्म १६ डिसेंबर १८५७ रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्यात, नॅशव्हिल शहरी झाला. त्याच्या जन्माच्या काही महिने आधीच वडील वारले होते. घरात आई आणि थोरला भाऊ. आई मेणाची शोभिवंत फुले करून विकी आणि त्यावर तिघांचे पोट भरे. एडवर्ड तीन-चार वर्षांचा असतानाच अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. नॅशव्हिल हे नदीकाठचे मोक्याचे शहर, तेव्हा सैन्याची ये-जा, टंचाई, उपासमार या सगळ्याची झळ त्या घराला लागली. युद्ध संपले तो शहरात पटकीची साथ आली. पोराला पटकी झाली, पण तो वाचला. अक्षरओळख त्याला आईनेच करून दिली. त्या दिवसांतली एकच गोष्ट त्याच्या मनात गोड म्हणून राहिली. उन्हाळ्याच्या रात्री तो अंगणात पडलेल्या एका जुन्या गाडीत उताणा पडून राही आणि डोक्यावर येणाऱ्या एका तेजस्वी ताऱ्याकडे पाही. त्याचे नाव त्याला ठाऊक नव्हते. सांगणारेही कोणी नव्हते. आपण ज्याला अभिजित म्हणतो तोच तो तारा.

नवव्या वर्षी आईने त्याला वान स्टावोरेन नावाच्या छायाचित्रकाराच्या स्टुडिओत कामाला ठेवले. काम मोठे विचित्र होते. त्याकाळी विजेचे दिवे नव्हते. काचेवरच्या लहान फोटोची मोठी प्रत काढायची तर फार प्रखर प्रकाश लागे आणि तो फक्त सूर्याकडून मिळे. म्हणून स्टुडिओच्या गच्चीवर एक अवजड यंत्र बसवले होते. त्याचे तोंड सूर्याकडे धरले की ऊन भिंगातून आत येई आणि कागदावर प्रत उमटू लागे. पण प्रत उमटायला पुष्कळ वेळ लागे, आणि सूर्य तर सारखा सरकणारा. तेव्हा यंत्राची चाके हाताने सावकाश फिरवून त्याचे तोंड सतत सूर्याकडे ठेवावे लागे. एवढ्यासाठी एक पोरगा ठेवलेला असे. एडवर्डच्या आधीची पोरे त्या उन्हात झोपी जात आणि प्रत बिघडे. एडवर्ड झोपला नाही. दिवसामागून दिवस तो गच्चीवर उभा राहून सूर्य राखत राहिला. योगायोग असा, की त्या यंत्राचे नाव ज्युपिटर, म्हणजे गुरू, असे ठेवले होते.

गुराखी गुरे राखतो, राखणदार शेत राखतो, तसा हा पोरगा सूर्य राखत होता. कंटाळवाण्या कामात पोरांचे लक्ष उडते. याचे उलट अधिक लागले. शहरात दुपारी बाराची घंटा होई. तेव्हा सूर्य रोज नेमका त्याच जागी असायला हवा, असे आपण धरून चालतो. एडवर्डच्या ध्यानात आले, की तसे होत नाही. वर्षातल्या काही दिवसांत सूर्य घंटेच्या आधीच ठरलेल्या खुणेवर येतो, तर काही दिवसांत मागे रेंगाळतो. पृथ्वीची कक्षा पुरती वर्तुळाकार नाही आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून सूर्याच्या वेळेत आणि घड्याळाच्या वेळेत सोळा मिनिटांपर्यंत फरक पडतो. ज्योतिषशास्त्राच्या ग्रंथांत हे शतकानुशतके लिहिलेले होते. पण ते ग्रंथ त्याने पाहिलेले नव्हते. संध्याकाळी घरी परतताना त्याला आणखी एक तारा दिसे, तो इतर ताऱ्यांमधून हळूहळू वाट काढत सरके. तो शनी होता, हे त्याला फार पुढे कळले.

या स्टुडिओत तो थोडीथोडकी नव्हे, सतरा वर्षे होता. मालक बदलले, तो टिकून राहिला. राखणदाराचा मदतनीस झाला आणि काचा तयार करणे, त्या धुणे, प्रती काढणे ही सारी कला शिकला. तिथला त्याचा सहकारी जेम्स ब्रेड याने एका मोडक्या हातदुर्बिणीच्या भिंगापासून त्याला पहिली लहानशी दुर्बीण करून दिली. पुस्तक मिळाले त्याची कथा आणखी गमतीची आहे. एका ओळखीच्या तरुणाने त्याच्याकडून दोन डॉलर उसने घेतले आणि तारण म्हणून एक पुस्तक ठेवले. पैसे परत आले नाहीत. एडवर्डने रागारागाने पुस्तक उघडले, तर ते थॉमस डिक या लेखकाचे खगोलशास्त्रावरचे पुस्तक निघाले. त्यात ताऱ्यांचे नकाशे होते. त्याच रात्री खिडकीतून दिसणारे आकाश आणि पुस्तकातील नकाशा ताडून पाहताना लहानपणीच्या त्या ताऱ्याचे नाव त्याला सापडले.

यानंतर त्याने पाच इंची भिंगाची चांगली दुर्बीण घेतली. किंमत ३८० डॉलर. त्याच्या वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा त्यात गेला. घरात आजारी आई, स्वतःला पुरता पोशाख नाही, आणि हा दुर्बीण घेतो! आपल्याकडे असे कोणी केले तर घरातले काय म्हणतील याची कल्पना आपण सर्वांनी करून पाहावी. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे आज माझे जे वय आहे तेच.

त्याच वर्षी, १८७७ मध्ये, अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या मोठ्या संस्थेचे अधिवेशन नॅशव्हिल येथेच भरले. अध्यक्ष होते सायमन न्यूकम. ग्रहगतीच्या गणितात त्यांचा शब्द त्याकाळी शेवटचा मानला जाई. बर्नार्ड धीर करून त्यांना भेटला आणि आपल्यासारख्याने दुर्बीण घेऊन काय काम करावे असे विचारले. न्यूकम यांनी आधी गणित येते का ते विचारले. येत नाही असे कळल्यावर त्यांनी स्पष्ट सांगितले, की गणितावाचून या शास्त्रात फारसे काही करता येणार नाही. धूमकेतू शोधता आले तर शोधावेत. पोरगा बाहेर आला आणि एका खांबाआड उभा राहून रडला.

इथे आपल्या त्या यादीतला नायक मोठ्यांचे बोलणे खोटे पाडण्याची प्रतिज्ञा करतो आणि शेवटी ती खरी करतो. बर्नार्डने तसे केले नाही. न्यूकम यांचे बोलणे कठोर होते, पण खोटे नव्हते, हे त्याने मान्य केले. दिवसा स्टुडिओ आणि रात्री दुर्बीण यांच्यामध्ये त्याने गणितासाठी वेळ काढायला सुरुवात केली, आणि दुसरा सल्लाही मानून धूमकेतूंच्या शोधाला लागला. धूमकेतूचा शोध म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. आरंभी धूमकेतूला शेपूट नसते. दुर्बिणीतून तो एक फिकट डाग दिसतो. तसे कितीतरी डाग आकाशात कायमचे आहेत. म्हणून शोधणाऱ्याला आकाशाचा कानाकोपरा पाठ लागतो आणि एखादा डाग काल तिथे नव्हता एवढे ओळखण्यासाठी रात्रीमागून रात्री तेच तेच आकाश विंचरावे लागते. गच्चीवरच्या पोराला हे काम अवघड नव्हते.

जानेवारी १८८१ मध्ये त्याने ऱ्होडा कॅल्व्हर्ट हिच्याशी लग्न केले. तिचे भाऊ त्याच स्टुडिओत चित्रकार होते. ती मूळची इंग्लंडची, आणि वयाने त्याच्याहून बरीच मोठी. त्याच्या अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा तिने केली, आणि रात्र रात्र बाहेर राहणाऱ्या नवऱ्याबद्दल तक्रार केली नाही. चरित्रांमध्ये अशा बायकांना दोन ओळी मिळतात. मला वाटते बर्नार्डच्या पहिल्या काही धूमकेतूंमध्ये तिचा अर्धा वाटा आहे.

त्या सुमारास रॉचेस्टर शहरातील एच. एच. वॉर्नर या पेटंट औषधांच्या व्यापाऱ्याने अमेरिकेतून नवा धूमकेतू शोधणाऱ्यास दर धूमकेतूमागे २०० डॉलरचे बक्षीस लावले होते. सप्टेंबर १८८१ मध्ये बर्नार्डला असा एक धूमकेतू सापडला. मिळालेल्या पैशांवर त्याने घर बांधायला काढले. बाकीची रक्कम कर्जाऊ होती. कर्जाचा हप्ता जवळ आला की नवराबायको काळजीत पडत, आणि दर वेळी कुठून तरी एखादा धूमकेतू उगवे आणि हप्ता भागे. आपल्याकडे धूमकेतू दिसला की राजावर किंवा राज्यावर संकट येते, अशी जुनी समजूत. या गरीब जोडप्याला मात्र धूमकेतूंनी छप्पर दिले. लोक त्या घराला धूमकेतूंचे घर म्हणत.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. १८८३ साली, पंचविशी गाठलेला, लग्न झालेला हा माणूस शिकायला गेला. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती दिली, राहायला घर दिले आणि विद्यापीठाची सहा इंची दुर्बीण त्याच्या स्वाधीन केली. स्टुडिओतील नोकरी सोडून तो आपल्याहून सहा-सात वर्षांनी लहान मुलांच्या बरोबर वर्गात बसला आणि गणित व भाषा शिकू लागला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणून त्या वर्गात पहिल्या दिवशी त्याला काय वाटले असेल याचा मी पुष्कळ विचार केला. ज्याचे नाव नियतकालिकांतून छापून येत होते, असा माणूस शाळकरी गणिते सोडवायला बसतो तेव्हा त्याला आपल्या अज्ञानाची लाज वाटतच असणार. पण ती लाज झाकण्यासाठी त्याने शिक्षणाला नावे ठेवली नाहीत. चार वर्षे तो तिथे शिकला. १८८७ मध्ये विद्यापीठ सोडले तेव्हा बी.ए.ची पदवी त्याच्या हाती नव्हती. १८९३ साली त्याच विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली.

१८८८ साली कॅलिफोर्नियात हॅमिल्टन पर्वतावर लिक वेधशाळा सुरू झाली. तिथली ३६ इंची दुर्बीण तेव्हा जगातील सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण होती. बर्नार्डला तिथे जागा मिळाली, पण मोठी दुर्बीण वापरायला मिळाली नाही. संचालक होल्डन यांनी ती स्वतःकडे आणि इतर ज्येष्ठांकडे ठेवली. याच्या वाट्याला लहान दुर्बिणी आल्या. पुढे दोघांचे बरेच वाजले. परंतु या उपेक्षेतूनच त्याचे सर्वांत मोठे काम सुरू झाले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या एका फोटोग्राफरकडून वेधशाळेला एक जुने भिंग मिळाले होते. सहा इंच रुंदीचे, विलार्ड या नावाने ओळखले जाणारे. ते माणसांचे फोटो काढण्यासाठी बनवलेले होते. वेधशाळेतील इतरांना त्याचे महत्त्व वाटले नाही. बर्नार्डला वाटले, कारण अशा भिंगांबरोबरच त्याचे बालपण गेले होते. माणसाला फोटोसाठी फार वेळ निश्चल बसवता येत नाही, म्हणून स्टुडिओतील भिंग पुष्कळ प्रकाश चटकन गोळा करील असे घडवलेले असते आणि त्याच्यात रुंद दृश्य मावते. मोठी दुर्बीण नेमकी याच्या उलट. ती चंद्रावरचा डोंगर जवळ आणून दाखवते, पण तिच्यात आकाशाचा टिचभर तुकडाच मावतो. आकाशगंगा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत पसरलेली. ती टिचटिच पाहून कशी समजणार? बर्नार्डने ते भिंग एका लाकडी पेटीत बसवले, पेटी एका लहान दुर्बिणीच्या पाठीवर बांधली आणि १८८९ च्या उन्हाळ्यात ती धनु राशीकडे रोखली.

आकाशाचा फोटो काढणे हे माणसाचा फोटो काढण्यासारखे नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे तारे सरकतात. कॅमेरा स्थिर ठेवला तर ताऱ्यांच्या ठिपक्यांऐवजी रेघोट्या उमटतात. म्हणून दुर्बीण घड्याळाच्या यंत्राने ताऱ्यांबरोबर फिरवतात. पण त्याकाळची ती यंत्रे पुरती बिनचूक नव्हती. तेव्हा दुर्बिणीच्या आतील बारीक तंतूंच्या छेदावर एक वाटाड्या तारा धरायचा आणि तो केसभर हलला की हाताने दुर्बीण सारखी करायची, असे करावे लागे. हे तीन तीन, चार चार तास, डोळा न काढता, अंधारात आणि थंडीत. एक डुलकी लागली की सारी रात्र वाया. नॅशव्हिलच्या गच्चीवर नऊ वर्षांचा पोरगा दिवसा जे करी, तेच हा एकतीस वर्षांचा माणूस पर्वतावर रात्री करत होता. तेव्हा राखायला एक सूर्य होता. आता अगणित सूर्य होते.

काच धुतल्यावर जे दिसले ते दुर्बिणीतून कोणालाही दिसले नव्हते. साध्या डोळ्यांना दुधाच्या ओघळासारखी दिसणारी आकाशगंगा म्हणजे ताऱ्यांचे ढगांवर ढग होते आणि त्यांच्या मधून काळ्या भेगा, काळे ओहोळ, काळी विवरे पसरली होती.

या काळात त्याच्या नावाचा एक विनोदही झाला. १८९१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकात लेख आला, की बर्नार्डने आपोआप धूमकेतू शोधणारे यंत्र तयार केले आहे. धूमकेतू सापडताच ते घंटा वाजवते आणि ज्योतिर्विदाने खुशाल झोपावे. पुष्कळांना ते खरे वाटले आणि बिचाऱ्या बर्नार्डला खुलासे करताना पुरेवाट झाली. झोपेशी ज्याचे कधी जमले नाही, त्याच्याच नावावर ही थाप खपावी याची मौज वाटते.

१८९२ साली त्याने वेधशाळेच्या वरिष्ठ मंडळाकडे दाद मागून मोठ्या दुर्बिणीवर आठवड्यातून एक रात्र मिळवली. ९ सप्टेंबर १८९२ च्या रात्री त्याने ती गुरूकडे वळवली. गुरूचे बिंब दृष्टीआड केल्यावर त्याच्या अगदी कडेला, झगमगाटात बुडालेला एक अतिसूक्ष्म ठिपका त्याला दिसला. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चार उपग्रह पाहिल्यानंतर २८२ वर्षांनी सापडलेला हा पाचवा. आज त्याला अमाल्थिया म्हणतात. केवळ डोळ्याने पाहून शोधलेला ग्रहाचा हा शेवटचा उपग्रह ठरला. नंतरचे सारे फोटोंवरून आणि अवकाशयानांतून सापडले. जुन्या रीतीचा हा शेवट करणाऱ्या बर्नार्डनेच महिन्याभरात नव्या रीतीचा आरंभ केला. ऑक्टोबर १८९२ मध्ये श्रवण ताऱ्याच्या परिसराचा फोटो धुताना त्याला काचेवर एक अस्पष्ट रेघ दिसली. फोटोवरून शोधला गेलेला तो जगातील पहिला धूमकेतू. तो पुढे शतकाहून अधिक काळ हरवला होता. २००८ साली तो पुन्हा सापडला.

१८९५ साली तो शिकागो विद्यापीठाच्या यर्कीज वेधशाळेत गेला. ती विस्कॉन्सिनमध्ये, एका सरोवराकाठी आहे. तिथली ४० इंची दुर्बीण लिकच्या दुर्बिणीहूनही मोठी. १८९७ च्या मे महिन्यात तिथला वरखाली होणारा प्रचंड जमीनतक्ता कोसळला. काही तासांपूर्वीच बर्नार्ड त्यावरून काम संपवून गेला होता. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. कॅथरीन ब्रूस या दानशूर बाईंनी दिलेल्या ७,००० डॉलरमधून त्याच्यासाठी खास आकाशाचे फोटो काढणारी दहा इंची दुर्बीण तयार झाली. १९०५ साली ती कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन येथे नेऊन त्याने काही महिन्यांत सुमारे ५०० फोटो घेतले. एरवी तो यर्कीजला असे. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांवर उतरे आणि घुमट उघडा ठेवावा लागे, कारण ऊब केली तर हवा थरथरते आणि तारे अस्पष्ट दिसतात. आभाळ निरभ्र असेल त्या रात्री तो कामावर हजर असायचाच.

आता त्या काळ्या भेगांविषयी. विल्यम हर्शेलच्या काळापासून त्यांना आकाशातील रिकाम्या जागा समजत. ताऱ्यांच्या दाटीत पडलेले भोक आणि पलीकडे काळोख, असे. बर्नार्डनेही वर्षानुवर्षे तसेच मानले होते. परंतु फोटो वाढत गेले तशी त्याला शंका येऊ लागली. काही डागांच्या कडा फार रेखीव होत्या, काहींना किंचित उजेडाची किनार होती. भोकाला किनार कशी असेल? १९१३ च्या उन्हाळ्यात एका निरभ्र, चंद्र नसलेल्या रात्री तो धनु राशीचा फोटो घेत होता. तेवढ्यात आभाळात लहान लहान ढगांचे पुंजके तरंगत आले. आकाशगंगेच्या उजेडावर ते शाईच्या थेंबांसारखे काळे दिसत होते. त्याच्या फोटोंतील डागांसारखेच. आकाशाची भोके म्हणून ज्यांना तो ओळखत होता, ती भोके नसून आपल्या आणि ताऱ्यांच्या मध्ये आलेले काळे मेघ असावेत, हे त्या रात्री त्याच्या मनाने घेतले. १९१९ मध्ये त्याने अशा १८२ कृष्णमेघांची यादी प्रसिद्ध केली. जन्मभर जपलेले मत वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी सोडून देणे त्याला जमले, हे मला त्याच्या कोणत्याही धूमकेतूपेक्षा मोठे वाटते.

तरीही या मेघांच्या पुढचा विचार इतरांनी केला. त्यात काय आहे, त्यामुळे ताऱ्यांचा प्रकाश किती अडतो, आपली आकाशगंगेची मापे त्यामुळे किती चुकतात, या प्रश्नांना गणित आणि पदार्थविज्ञान लागते. ताऱ्यांमधील धूळ सर्वत्र प्रकाश अडवते हे रॉबर्ट ट्रंपलर याने १९३० साली मोजून दाखवले. तोवर बर्नार्ड हयात नव्हता. न्यूकम यांनी १८७७ साली सांगितलेली मर्यादा शेवटपर्यंत खरी राहिली. बर्नार्डचा डोळा आणि हात सर्वांच्या पुढे होता. गणितातील जो पाया लहानपणी घालायचा असतो, तो पंचविशीत पुरता भरून निघाला नाही.

म्हणूनच तो शाळेशिवाय मोठा झाला, असे म्हणणे मला पटत नाही. शाळा हुकल्यामुळे त्याने काय गमावले याचा हिशेब त्याच्या आयुष्यात स्पष्ट दिसतो. आणि जे मिळवले, तेही शिक्षणाशिवाय नव्हे. आईने शिकवलेली अक्षरे, स्टुडिओतील सतरा वर्षांची उमेदवारी, दोन डॉलरचे पुस्तक, ब्रेडसारखा मित्र, विद्यापीठाची शिष्यवृत्ती, एवढे सगळे त्याच्या पाठीशी होते. गच्चीवर झोपी गेलेल्या इतर पोरांपैकी एखाद्याला यातले निम्मे मिळाले असते तर काय झाले असते, हे कोणी सांगावे?

१९१६ साली जुन्या आणि नव्या काचा ताडून पाहताना त्याला भुजंगधारी तारकासमूहातील एक मंद तारा विलक्षण वेगाने सरकताना आढळला. १८९४ च्या काचेवर तो एका जागी होता आणि बावीस वर्षांनी दुसऱ्या. तो सुमारे सहा प्रकाशवर्षे दूर आहे आणि पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतके अंतर साधारण १८० वर्षांत कापतो. इतर कोणताही तारा आपल्या आकाशात इतक्या झपाट्याने सरकत नाही. यालाच बर्नार्डचा तारा म्हणतात. २०२४ साली त्याच्याभोवती एक ग्रह असल्याचे जाहीर झाले आणि २०२५ मध्ये ती संख्या चारवर गेली.

आकाशगंगेच्या फोटोंचा मोठा संग्रह काढायचा हे त्याचे अखेरचे स्वप्न. छापखान्यातील छपाईने बारीक तारे नाहीसे होतात, म्हणून पुस्तकात खऱ्या फोटोंच्याच प्रती चिकटवायच्या असा त्याचा हट्ट होता. ७०० पुस्तकांसाठी ३५,७०० प्रती लागल्या आणि त्यांतील प्रत्येक प्रत त्याने स्वतः तपासली. जुना स्टुडिओतला कारागीर इथे पुन्हा दिसतो. १९२१ मध्ये ऱ्होडा वारली. तो स्वतः मधुमेहाने खंगला होता. त्याच्या आजारपणात इन्शुलिन नुकतेच शोधले जात होते. ६ फेब्रुवारी १९२३ रोजी तो वारला. ऱ्होडाची भाची मेरी कॅल्व्हर्ट त्याची सहायक होती. तिने आणि संचालक फ्रॉस्ट यांनी अपुरे काम पुरे करून १९२७ साली तो संग्रह प्रसिद्ध केला. त्यातील कृष्णमेघांची संख्या ३४९ आहे.

आज जगभर हौशी मंडळी रात्री कॅमेरे घेऊन आकाशाचे फोटो काढतात. वाटाड्या तारा धरून ठेवण्याचे काम आता यंत्र आणि संगणक करतात. बर्नार्डच्या नावाने खपलेली ती थाप निम्मीअधिक खरी झाली आहे. पण त्या मंडळींच्या वहीत आजही कृष्णमेघांची नावे बर्नार्डच्या यादीतील क्रमांकांनीच लिहिलेली असतात. मृग नक्षत्रातील घोड्याच्या डोक्यासारखा प्रसिद्ध मेघ हा त्यांतला ३३ वा.

ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांनाही हे पाहता येते. धनु राशीचा भाग वर येतो ते आपले दिवस पावसाचे, म्हणून त्याआधी, चैत्र-वैशाखाच्या अमावास्येच्या आसपास मध्यरात्रीनंतर गावाबाहेर जावे. दक्षिणेकडे तांबूस ज्येष्ठा, तिच्या पुढे मूळ नक्षत्राचा आकडा आणि तिथून वर चढणारी आकाशगंगा दिसेल. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटे द्यावीत. मग त्या उजेडाच्या पट्ट्यात मधोमध काळ्या जागा दिसू लागतात. तिथे काही नाही असे प्रथम वाटते. बर्नार्डलाही वीस वर्षे तसेच वाटत होते.